डोंगराचा दुपारचा श्वास

खडकाईचा डोंगर श्वास घेतो, हे सर्वांत आधी आमच्या हर्डीकर सरांना कळलं. डोंगराला तोपर्यंत काहीच कल्पना नव्हती.

"रोज दुपारी पावणेदोनला साडेतीन मिलिमीटर वर," सर पडद्यावरच्या आलेखावर बोट फिरवत म्हणाले, "आणि तीनच्या आत परत खाली. फक्त उन्हाच्या दिवशी! सुनीती, हा श्वास आहे. आणि तो तुझ्या प्रबंधात आहे!"

माझ्या एका हातात माऊस होता आणि दुसऱ्या हातात ठकू. ठकू म्हणजे माझी मुलगी, वय वर्षं दीड. पाळणाघराला सुट्टी असली की ती भूगोल विभागात येते. सरांच्या "आहे!"वर तिने जोरात टाळ्या वाजवल्या. तीस वर्षांच्या नोकरीत सरांचं इतकं मनापासून कौतुक विभागात कुणी केलं नसेल. ते लाजले.

जमीन हलते की नाही, हा प्रश्न एव्हाना फक्त आमचा राहिला नव्हता. साठेक छोटे उपग्रह पृथ्वीभोवती फिरत होते आणि दर पंधरा मिनिटांनी त्यातला एखादा आपल्या डोक्यावरून जात होता. उपग्रह खाली रडारची लहर सोडतो. ती जमिनीवर आपटून परत वर जाते. पंधरा मिनिटांनी पुन्हा एक लहर जाऊन येते. मधल्या काळात जमीन केसभर वर-खाली झाली असेल, तर दोन्ही लहरींचे चढउतार एकमेकांशी जुळत नाहीत. ती तफावत मोजली की हाती मिलिमीटर लागतो. हे सगळे आकडे 'धरणी' नावाच्या यंत्रणेत जात आणि तिथून प्रत्येकाच्या फोनवर येत. त्यामुळे लोकांना नवाच चाळा लागला होता. "मुलगा चांगला आहे हो, पण घर वर्षाला सहा मिलिमीटर खचतंय," असं म्हणून माझ्या मावसबहिणीने एक स्थळ नाकारलं होतं. आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरच्या झुंबा क्लासला तळमजल्याने पुराव्यानिशी नोटीस दिली होती. माझ्या सासूबाई तर सकाळी हवामान बघावं तसं स्वयंपाकघर किती हललं ते बघायच्या आणि मगच कुकर लावायच्या.

एक गोष्ट मात्र धरणीलाही कुणीतरी सांगावी लागते. हलत नाही, असं काय आहे? गाडीत बसल्यावर झाडं पळतात की आपण, हे ठरवायला काहीतरी जागचं धरावं लागतं, तसंच. खडकाईवर दाट झाडी. पानांवरून लहर वाटेल तशी विखुरते. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी आणि माझा सहसंशोधक इम्रान मुजावर, आम्ही दोघांनी तिथे एक आरसा बसवला होता. आरसा म्हणजे खोलीच्या कोपऱ्यासारखे जोडलेले ॲल्युमिनियमचे तीन चकचकीत पत्रे. लहर त्यात शिरली की आली तशी परत जाते. डोंगराच्या खांद्यावर बोरजाई नावाची अकरा घरांची धनगरवस्ती आहे. तिच्या कडेच्या कातळात आम्ही लोखंडी दांडा आडवा रोवला आणि त्याच्या टोकावर आरसा बसवला. हा स्थिर, असं धरणीला सांगितलं आणि घरी आलो.

त्यानंतर मी तिथे गेले नव्हते. आधी पोटात ठकू, मग कडेवर ठकू. आणि खरं सांगायचं तर कुणीच कुठे जात नव्हतं. सगळं वरून दिसत होतं. विभागाच्या कपाटावर सरांचे डोंगर चढायचे बूट होते. त्यातल्या एकात कुणीतरी मनीप्लांट लावला होता आणि तो छान वाढला होता.

सरांचा सिद्धांत असा होता की उन्हाने कातळाच्या भेगांमधलं पाणी तापतं, फुगतं आणि डोंगर उचलला जातो. श्वासाच्या वेळी आरशाची चमक थोडी कमी व्हायची. त्याचंही उत्तर सरांकडे तयार होतं. "वाफ! भेगांमधून वाफ निघते." आषाढातल्या आकाशाकडे मोर बघतो, तसे सर त्या आलेखाकडे बघायचे. जूनमध्ये ते निवृत्त होणार होते. हा शोध त्यांनी एका मोठ्या परिषदेला कळवूनही टाकला होता.

सिद्धांत धरणीलाही पटला आणि घोटाळा तिथेच सुरू झाला. रोज फुगणारा डोंगर एक दिवस फुटणार, असा हिशेब करून तिने बोरजाई वस्ती लाल रंगवली. अकरा घरं पायथ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवायची. गुरांसाठी रकाना नव्हता. फक्त एकच अट होती. यंत्राच्या निर्णयावर माणसाचा अंगठा लागायचा. ज्याचा अभ्यास, त्याने खुल्या सेमिनारमध्ये 'मान्य' किंवा 'अमान्य' करायचं. माझा शेवटचा सेमिनार, ज्यानंतर प्रबंध सादर करता येतो, तोही हाच, येत्या गुरुवारी तीन वाजता होता. एका अंगठ्यात माझी पदवी होती आणि अकरा घरांचा मुक्काम.

मी 'मान्य' करणारच होते. का नाही करायचं?

पण आमच्या सेमिनारची एक पद्धत आहे. जो मांडणार, त्याने आपल्या अभ्यासक्षेत्रातला खाऊ आणायचा. सरांचा हट्ट. "जिथलं काही पोटात गेलं नाही, तिथली माती डोक्यात जात नाही." इम्रान वाळूवर संशोधन करतो, तो नदीकाठची वांगी आणतो. मी मागच्या वेळी बाजारातून नाचणीचे लाडू आणून वेळ मारून नेली होती. सरांनी पाकीट उलटून वाचलं आणि म्हणाले, "बेळगाव! सुनीती, तुझा डोंगर सरकत सरकत राज्याबाहेर गेला की काय?"

म्हणून बुधवारी मी, ठकू आणि इम्रान खाऊ आणायला बोरजाईला निघालो. हे पुन्हा सांगते, आम्ही खाऊ आणायला गेलो होतो. शास्त्राचं काही काम नव्हतं.

वस्तीवर पोहोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. आरसा लांबूनच लखलखत होता. तीन वर्षं उघड्यावर असलेला पत्रा इतका स्वच्छ कसा, असं मनात येईपर्यंत आम्ही जवळ गेलो. आरशाच्या पोटात एक काळंकुट्ट पातेलं बसलं होतं. काठोकाठ भरलेलं. त्यातून वाफ निघत होती.

"वाफ," इम्रान हळूच म्हणाला.

शेजारी अंगणात एक बाई पाय पसरून बसली होती. पायांवर पालथी पडलेली तिची मुलगी पाच महिन्यांची असेल. तेलाने माखलेली, गुबगुबीत आणि सगळ्या जगावर रागावलेली. बाईचं नाव कोमल झोरे. आमचं स्वागत तिने बसल्या जागेवरूनच केलं.

"या ताई. तुमचाच न्हवं ह्यो आरसा? लई भारी केलासा. पाणी असं तापतंय! जळण नको, धूर नको. चुलीच्या धुरानं हिला खोकला येतोय."

"रोज तापवता?" माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"ऊन असलं की रोज. दीडला ठेवायचं, अडीचला उतरायचं. ढग असलं तर चुलीवर."

"कधीपासून?"

"बाळंतपणाला माहेरी होतो आम्ही. घटस्थापनेच्या तिसऱ्या दिवशी घरला आलो. तवापास्नं."

मी फोनवर आलेख उघडला. डोंगराचा पहिला श्वास घटस्थापनेच्या चौथ्या दिवशी होता. त्याआधी अडीच वर्षं डोंगराने श्वास रोखून धरला होता.

इम्रान गुडघ्यावर बसला, दांड्याला पट्टी लावली आणि कोमलला म्हणाला, "वहिनी, जरा पातेलं उचलता?" तिने उचललं. दांडा वर आला. ठेवलं, दांडा खाली गेला. इम्रानने पट्टी पुसून पुन्हा वाचली.

"साडेतीन," तो म्हणाला. "ताई, सापडला आपला डोंगर."

म्हणजे डोंगर वर जातच नव्हता. आम्ही ज्याला स्थिर धरलं होतं तो आरसा पातेल्याच्या वजनाने खाली बसत होता आणि त्याच्याकडून बघणाऱ्याला बाकीचं सगळं वर गेलेलं दिसत होतं. सगळं. गोठा, देऊळ, पलीकडचा कडा, अकरा घरं, सगळं एकाच मिनिटाला, अगदी एकसारखं साडेतीन मिलिमीटर. हे आकडे चार महिने माझ्यासमोर होते. एवढं एकसारखं कधी काही वर जातं का, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. उलट मला ते ओळखीचं वाटत होतं. गेलं दीड वर्ष मला सगळे असेच दिसत होते. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणी, त्यांचे शोधनिबंध, त्यांचे परदेशातले फोटो, सगळं भराभर वर चाललेलं. आपल्या कडेवर अकरा किलो वजन आहे, हे मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

"ताई," आतून कोमलची सासू बाहेर आली, "एक कागद आलाय. डोंगूर हलतोय म्हणं, घरं खाली न्यायची. आमास्नी तर काय हलल्यालं कळलं न्हाई. तुम्हीच बघताय न्हवं वरनं?"

"हो," मी म्हटलं.

"मग नीट बघून सांगा बाई."

कोमलने लेकीला न्हाऊ घातलं. पाणी उरलं होतं. "हिलाबी घालू?" असं विचारत तिने उत्तराची वाट न बघता ठकूचा फ्रॉक काढला. घरी आंघोळीला गच्चीपर्यंत पळणारी माझी मुलगी कोमलच्या पायांवर मुकाट बसली आणि डोक्यावरून पाणी पडताना हसली. डोंगराच्या श्वासाने ती न्हाली, असं सरांच्या भाषेत म्हणता आलं असतं.

खाऊ म्हणून कोमलने डबाभर खरवस दिला. म्हैस कालच व्यायली होती.

उतरताना इम्रानने गाडीत विषय काढला. "उद्या गप्प बसलीस तर पुढच्या महिन्यात डॉक्टर. बोललीस तर सगळी गणितं नव्याने. वर्ष तरी जाईल."

"वर्ष जाऊ दे रे. सरांचं काय करू? त्यांना सांगायचं कसं, की तीस वर्षांनी सापडलेला शोध म्हणजे पातेलं आहे?"

"काळजी करू नकोस," इम्रान म्हणाला. "वाफ बरोबर ओळखली होती त्यांनी."

गुरुवारी पाळणाघराच्या ताईंकडे लग्न होतं, म्हणून ठकू सेमिनारला आली. खोली भरलेली. सर इस्त्रीच्या सदऱ्यात. समोरच्या मोठ्या पडद्यावर अर्ध्या भागात माझा आलेख आणि अर्ध्या भागात खोलीचं थेट चित्र, कारण अंगठा लागताना धरणीला खोली बघायची असते. कॅमेऱ्याची तिवई इम्रानने नदीत बुडवली होती. त्यामुळे कॅमेरा सरांच्या स्प्रिंगच्या खुर्चीवर, दोन उशांवर, नवरदेवासारखा बसवला होता.

मी उभी राहिले. सरांनी मान हलवून मला धीर दिला, आणि तिथेच माझा धीर गेला. शिकवताना ज्यांनी माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, बाळंतपणाच्या रजेचा अर्ज स्वतः लिहून दिला, त्यांच्यासमोर मी पहिली पाच चित्रं दाखवली. खडक. उतार. पाऊस. पातेल्याचं चित्र अकरावं होतं. मी सहाव्यावरच रेंगाळले.

"पुढे चल, श्वासावर ये!" सर म्हणाले.

तेवढ्यात ठकूला कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसला. ती खुर्चीकडे गेली, एक पाय वर टाकला, मग दुसरा, आणि उशांवर, कॅमेऱ्याला मिठी मारून, धपकन बसली. खुर्ची खाली गेली.

पडद्यावर अख्खी खोली वर उचलली गेली. फळा, कपाट, मनीप्लांटचा बूट आणि सर.

कुणीतरी खुदकन हसलं. ठकू उठली, खोली खाली आली. तिला हे फार आवडलं. ती पुन्हा बसली. सर पुन्हा वर गेले.

"मी हललेलो नाही!" सर खेकसले. "मी इथेच आहे!"

"सर," मी म्हटलं, आणि माझा आवाज कसा कोण जाणे स्थिर निघाला, "डोंगरही हेच म्हणतोय."

मी थेट अकरावं चित्र लावलं. काळं पातेलं, चकचकीत आरसा, मागे पाय पसरून बसलेली कोमल. सगळं सांगितलं. घटस्थापना, दीड ते अडीच, ढग असतानाची चूल, इम्रानची पट्टी. सर चष्मा काढून पुसत राहिले. काच कधीच स्वच्छ झाली होती.

"आणि वाफ?" त्यांनी शेवटी विचारलं.

"ती खरी होती, सर. पातेल्याची."

मी अंगठा 'अमान्य'वर ठेवला. धरणीने कारण मागितलं. यादी आली. उपग्रहातील दोष, ढगाळ हवा, भूकंप, वन्य प्राणी, इतर. मी 'इतर' निवडलं. 'कृपया स्पष्ट करा', असं ती म्हणाली. मी लिहिलं, 'बाळाची आंघोळ'.

धरणी विचारात पडली. एरवी ती डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देते. या वेळी चाळीस सेकंद गेले. मग बोरजाईवरचा लाल रंग पुसला गेला आणि खाली एक ओळ उमटली.

'या कारणाशी जुळणारे आणखी एकोणचाळीस डोंगर सापडले आहेत.'

राज्याचा नकाशा पसरला. एकोणचाळीस लाल ठिपके, आता पिवळे होऊन लुकलुकत होते. बहुतेक दुपारी फुगणारे. काही सकाळी. दोन तर फक्त मार्च ते मे.

"ते दोन कुरडयांचे," इम्रान म्हणाला.

पहिल्यांदा हसले ते सर. आधी खांदे हलले, मग चष्मा, मग सगळेच. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि त्यातलं सगळंच पाणी हसण्याचं नव्हतं. ते मला दिसलं आणि त्यांना दिसलं की मला दिसलंय.

"खाऊ काय आणलायस?" त्यांनी विचारलं.

"खरवस. बोरजाईचाच आहे, सर. पाकीट नाही."

त्यांनी वडी हातात धरून थोडी हलवून बघितली. ती थरथरली. "हे मात्र नक्की हलतंय," असं म्हणून त्यांनी ती तोंडात टाकली, बराच वेळ खाल्ली, आणि मग कपाटाकडे गेले. "हा मनीप्लांट कुणी लावलाय? काढा. मला बूट हवेत."

प्रबंध एक वर्ष पुढे गेला. परिषदेला सरांनी स्वतः कळवलं की शोध मागे घेत आहोत, कारण इतर. पुढच्याच आठवड्यात, एका बुटातून माती सांडत, ते माझ्याबरोबर डोंगर चढले. आरसा काढायचा, एवढं ठरवून. कोमलने त्यांना पाणी दिलं, मुलगी मांडीवर ठेवली आणि विचारलं, "मग हिचं पाणी कशावर तापवू, सर?" मुलीने त्यांचा चष्मा ओढला. सरांनी आरसा काढला नाही.

आता दुसरा आरसा वर कड्यावर आहे, जिथे पातेलं घेऊन कुणी चढणार नाही. स्थिर तो. त्याच्या हिशेबाने खडकाई वर्षाला दोन मिलिमीटर सरकते. म्हाताऱ्या डोंगराला तेवढं चालायचंच. खालचा आरसा कोमलचा. उपग्रहांना तोही दिसतो. रोज दुपारी तो साडेतीन मिलिमीटर खाली बसतो आणि वर येतो. एप्रिलमध्ये आकडा साडेचार झाला. इम्रानने ते पहिल्यांदा पाहिलं. "ताई, पातेलं मोठं घेतलंय. पोरगी वाढतेय."

मे महिन्याच्या सुरुवातीला, एका गुरुवारी, आभाळात ढगाचं नाव नव्हतं आणि आरसा जागचा हलला नाही. पावणेदोन वाजले. सव्वादोन. रेषा सपाट. बोरजाईत फोन लागायला एका विशिष्ट दगडावर उभं राहावं लागतं. कोमल त्या दगडावर येईपर्यंत मी पंधरा वेळा नंबर फिरवला.

"काय न्हाई ओ ताई," ती म्हणाली. "दात येतायत. अंग तापलंय जरा, म्हणून न्हाऊ न्हाई घातलं. पर तुम्हाला कसं कळलं?"

"वरून दिसतं," मी म्हटलं.

शुक्रवारी दुपारी विभागात डबे उघडले होते, पण कुणी जेवत नव्हतं. सर पोळीचा तुकडा हातात धरून पडद्यासमोर उभे होते. इम्रानने भाजीचा डबा नुसताच धरला होता. दीड वाजता उपग्रह येऊन गेला. रेषा सपाट. मग पावणेदोनचा आला. रेषा जराशी थरथरली आणि सावकाश साडेचार मिलिमीटर खाली उतरली.

ठकूने टाळ्या वाजवल्या. सरांनी पोळीचा तुकडा तोंडात टाकला, खडकाईची नोंदवही ओढली आणि त्या दिवसाच्या रकान्यात, त्यांच्या सुबक अक्षरात, लिहिलं, 'दु. १.४५. आंघोळ झाली.'